फरशी ओली होती

बाबा,

चार दिवसांपूर्वी आमच्या कॉलेजच्या लांब व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ चालता चालता थांबले, भिंतीला उजवा हात टेकला, मान थोडी कलती केली आणि माझ्या विद्यार्थिनीला म्हणाले, "हं, आता बोल." मी पलीकडे स्क्रीनपाशी बसले होते. हात तुमचा, मान तुमची, शब्दसुद्धा तुमचेच. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि तुम्ही अमरावतीत, माझ्या समोर, कमरेला पट्टा बांधून उभे होतात. पण खरा धक्का त्या माणसाकडे पाहून बसला नाही. तो बसला स्क्रीनकडे पाहून. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगते, मी तुमच्यावर भयंकर रागावलेली आहे.

तुमच्या वेळी हे काही नव्हतं, तेव्हा समजावून सांगते. आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला एक पट्टा बांधतो, त्यात काडेपेटीएवढी डबी असते. तशाच दोन छोट्या डब्या घोट्यांवर. त्यांना सेन्सर म्हणतात. माणूस चालला की स्क्रीनवर लाटा उमटतात. पाऊल किती उचललं, अंग किती डुललं, एक पाऊल दुसऱ्यासारखं पडलं की नाही, सगळं दिसतं. माणूस पडल्यावर त्याला उभं करणं हा आम्हा फिजिओथेरपीवाल्यांचा जुनाच धंदा. आता तो पडायच्या आधीच ओळखायचा, असा हा खटाटोप आहे. पहिल्या फेरीत नुसतं चालायचं. दुसऱ्या फेरीत आम्ही चालत्या माणसाला प्रश्न विचारतो. काल भाजी कोणती केली होती, थोरल्या मुलीचं सासर कुठलं, असले साधेच. ज्याची चाल शाबूत आहे तो चालतोही आणि बोलतोही. ज्याच्या चालीला आतून वाळवी लागली आहे त्याला दोन्ही एकदम जमत नाही. त्याला प्रत्येक पावलावर मन लावावं लागतं, मग बोलायची वेळ आली की पाय थांबतात.

आता ही परीक्षा आपल्या वऱ्हाडात कशी फसावी ते ऐका. भातकुलीकडच्या बायका यायच्या, माझ्या विद्यार्थिनी चालता चालता प्रश्न विचारायच्या, आणि एकूण एक बाई जागच्या जागी थांबून, पदर सावरून मगच उत्तर द्यायची. मुलींनी घाबरून सगळ्यांच्या नावापुढे लाल खुणा केल्या. अख्खा तालुका पडणार, असा निकाल. मी एका आजीबाईंना विचारलं, तुम्ही थांबता का म्हणून. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, तुमी विचारून राह्यल्या अन् मी चालतच राहू? आमाले काई वळण नाई का?" तेव्हा कळलं की आपल्याकडे माणूस मान देण्यासाठीही थांबतो. मग आम्ही थांबण्याच्या आधीची पावलं पाहायला लागलो. मानानं थांबणाऱ्याची पावलं शेवटपर्यंत एकसारखी पडतात, आणि तो दिमाखात थांबतो. ज्याला थांबावंच लागतं त्याच्या लाटा आधीच विस्कटायला लागतात, पाऊल जमिनीला घासतं, आणि हात आधार शोधतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात. डबी मात्र फसत नाही.

त्या दिवशी ते गृहस्थ थांबले तेव्हा मला वाटलं, काय रुबाब आहे, समोर लहान पोर आहे तरी थांबून ऐकतात. आणि स्क्रीनवर त्यांच्या लाटा पार विस्कटलेल्या होत्या. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं, त्यांच्या मुलाला बोलावून सगळं समजावलं, व्यायाम लिहून दिले, आणि मग माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कारण बाबा, "हं, आता बोल" ही माझी आयुष्यभराची पुंजी आहे. तिच्यावर मी जगले आहे.

तुम्ही शाळेत ड्रिल मास्तर. अर्ध्या अकोल्याची पोरं तुमच्या शिट्टीवर पाय उचलायला शिकली. घरातही तेच. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येते आहे आणि ओसरीवरून तुमचा आवाज येतो आहे, "पाय उचल, पाय! फरशी घासून राह्यली काय?" कप हिंदकळतो, बशीत चहा सांडतो, त्यावरून पुन्हा बोलणी बसतात. पाय घासत चालणारा माणूस म्हणजे तुमच्या लेखी आळशी, बेशिस्त, कामातून गेलेला. आणि असे तुम्ही, रिटायर झाल्यावर, मी अमरावतीला नोकरीला लागले तेव्हा दर सोमवारी सकाळी मला स्टँडवर सोडायला यायचा. ऑटो करू म्हटलं की "पाय कायले देले देवानं?" म्हणायचा. आपण चालत निघायचो. मी काही बोलायला लागले की तुम्ही थांबायचा. भर रस्त्यात. विजेच्या खांबाला नाहीतर कोणाच्या ओट्याला हात टेकून, मान कलती करून म्हणायचा, "हं, आता बोल." मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे. तुमचं लक्षही नसायचं.

असंच एका सोमवारी मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबा, मला लग्न करायचं नाही. घरात तेव्हा स्थळांचा पाऊस पडत होता, काकांनी दोन ठिकाणी परस्पर शब्दही देऊन टाकला होता, आई सारखी डोळे पुसत होती, आणि कोणालाही माझं एक वाक्य पूर्ण ऐकायला सवड नव्हती. तुम्ही थांबलात. खांबाला हात. एक बैलगाडी सरकी घेऊन गेली, तिच्या मागून टेम्पो गेला, तुम्ही हलला नाहीत. मी सगळं सांगितलं, उलटसुलट, रडत. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "बरं. मी पाह्यतो काय सांगाचं ते." तेवढंच. त्यानंतर घरात पुन्हा स्थळाचा विषय निघाला नाही. माझं आजचं सगळं आयुष्य त्या खांबापाशी ठरलं आहे. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी तीच गोष्ट सांगते, की पेशंट बोलायला लागला की हातातलं काम सोडा, पाय थांबवा, असं ऐका. माझे वडील असं ऐकायचे.

आणि आता स्क्रीन सांगते की कदाचित तुम्हाला थांबावंच लागत होतं. त्या खोलीत बसून मी सगळे सोमवार उलगडून पाहिले. खांब, ओटे, पानठेल्याची फळी. दर वेळी हात कुठेतरी टेकलेला. नवीनच डिग्री घेतलेली फिजिओ पोर तुमच्या शेजारून चालत होती आणि तिला ते दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला वाटलं प्रेम आहे, आणि असेलही, पण पाय तुमच्या ताब्यात नव्हते. मला रडू आलं नाही. कोणी थोबाडीत मारावी तसं बधिर व्हायला झालं.

मग थोड्या वेळानं माझ्या डोक्यात दुसरा उजेड पडला आणि मी एकदम उठून उभी राहिले. आई! तुम्ही मागच्या फरसबंद आंगणात पडलात, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळलात ते परत उठला नाहीत. का पडलात, तर आईनं पोछा मारून फरशी ओली ठेवली होती म्हणून. शेजारच्या घरातून काका धावत आले तेव्हा फरशीवर पाणी होतं, ते त्यांनी स्वतः पाहिलं. तुमच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी आईला जे ऐकवलं ते मी ऐकलं आहे, आणि तुम्हीही ऐकलं आहे, डोळे उघडे ठेवून. "वहिनी, एवढं पाणी काऊन ठेवलं वं? माह्या भावाले खाल्लं तुमी." पितृपक्षात तुमच्या नावानं पान वाढलं की काका आजही न चुकता म्हणतात, फरशी पाहून चाला रे, इथंच दादा गेला. आई खाली मान घालून वाढत राहते. तेव्हापासून तिनं घरात पाण्याचा थेंब टिकू दिला नाही. कमरेला कोरडं फडकं खोचलेलं असतं, हात धुतले की पूस, भांडं उचललं की पूस. मला वाटलं, आता मी तिला सोडवते. जाऊन सांगते की पाण्याचा संबंध नव्हता, बाबांची चाल आधीच गेली होती, ते कोरड्यावरही पडले असते. इतक्या वर्षांचं ओझं एका सकाळी उतरवायचं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले, पिशवीत पट्टा आणि डब्या घेऊन. आई स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. परवावर तुमची तिथी आली होती. पट्टा पाहून म्हणाली, "हे काय वं? मले बांधतं का? बैल हाय का मी?" पण बांधू दिला. आंगणातून चालवत मी तिला विचारलं, भाजीत काय घालणार आहेस. न थांबता, वळणावरही न अडखळता तिनं मला ओव्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळं सांगितलं, वर माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवली, आणि चालता चालताच वाटेतली मांजर हाकलली. तिच्या लाटा बघत राहाव्यात अशा एकसारख्या. ऐंशीच्या घरातली बाई आहे ही. मी खूश होऊन तिला पुन्हा आत आणून बसवलं, तिचे हात हातात घेतले आणि सगळं समजावून सांगितलं. थांबणं, खांब, भिंत, पावलं. आणि शेवटी म्हटलं, आई, ते पाण्यामुळे पडले नाहीत. तुझी काही चूक नव्हती.

आईनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा शेंग उचलली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "फरशी वली नव्हतीच."

मला वाटलं, हिला कळलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिनं मला थांबवलं. "वेडी हायस का? फरशी कोरडी ठाक होती. दुपारची वेळ, पोछा कोण मारते दुपारी? ते मोरीकडे चालले होते, मी इकडून म्हटलं चहा ठेवू का, अन् ते वळाले गेले, पायात पाय अडकला अन् आडवे झाले. मी धावली. उठवाले गेली त मले म्हणतात, पह्यले पाणी सांड."

"काय सांड?"

"पाणी. गडव्यातलं. म्हणे, पह्यले पाणी सांड, मंग भाऊले हाक मार."

बाबा, मी त्या स्वयंपाकघरात बसले होते आणि मला समोरचा ओटा दिसेनासा झाला. हाड मोडलेलं. तुम्ही फरशीवर पडलेले. आणि तुम्हाला पाणी सुचलं. आईनं तांब्या लवंडवला, पाणी तुमच्या धोतराखालून वाहत गेलं, आणि मग तिनं काकांना हाक मारली. ती म्हणाली, घाईत अर्धं तिच्याच पायावर सांडलं. मी ओरडले, "पण का?" ती शांतपणे म्हणाली, "आता वं माय, काऊन म्हणजे? जल्मभर लोकायच्या पोरायले पाय उचल म्हणलं. ड्रिल मास्तर आपल्याच पायात अडकून पडला म्हणतीन लोक, ते आयकाव का त्यायनं? सव्वीस जानेवारीले शाळा बोलवे परेडीले. तेवढी एक परेड घेऊ दे म्हणत होते."

तिला आधीपासून माहीत होतं. वर्षभर तरी. तुम्ही भिंत धरून चालता, चपलेचा अंगठा एकाच बाजूनं झिजतो, जिना उतरताना आधी तिला उतरवता, हे सगळं तिनं पाहिलं होतं, आणि तुम्ही तिला शपथ घातली होती, पोरीले सांगू नको, ते लगेच धरून व्यायाम कराले लावन. करायला लावलाच असता! आणि कोणास ठाऊक, तुम्ही ती परेड घेतलीही असतीत. मी म्हटलं, आणि हे तुझं फडकं? इतकी वर्षं पुसत बसतेस ते? ती हसली. खरंच हसली. "मंग? नाटक केलं त पुरं कराव लागते ना. पह्यले लोकायले दाखवाले पुसे. आता हातालेच सवय लागली."

मी तिला विचारलं की तुमच्या खाटेपाशी काका तिला बोलत होते तेव्हा तिला काय वाटलं. ती शेंगा मोडत राहिली. म्हणून मी तुम्हाला विचारते आहे, बाबा. तुम्ही शुद्धीवर होतात. तुमचा भाऊ तुमच्या बायकोला म्हणत होता की तुम्ही माझ्या भावाला खाल्लं, आणि तुम्ही छताकडे बघत होतात. तेव्हा मला वाटलं, दुखण्यानं बोलवत नसेल. एक शब्द पुरे होता. "नाई रे," एवढंच. जो माणूस भर रस्त्यात पोरीचं सगळं बोलणं थांबून ऐकतो, त्याला आपल्या बायकोसाठी दोन अक्षरं उच्चारता आली नाहीत? मला हे पचत नाही. तुमच्या शिट्टीची, तुमच्या पांढऱ्या कपड्यांची, त्या ताठ पाठीची मला किळस आली, हेही लिहिते.

मग मी तिला ते विचारलं, जे विचारायची भीती वाटत होती. म्हटलं, म्हणजे बाबा माझ्यासाठी थांबत नव्हते? आई म्हणाली, "रिटायर व्हायच्या आंधी कुठं थांबत? माह्या चपला तुटत त्यायच्या मांगं पळता पळता. अन् आयकत त मुळीच नव्हते." मग माझं तोंड पाहून तिला कीव आली असावी. "थांबले असतीन पायासाठी. पण आयकलं त कानानंच ना?" मी त्या वाक्याला अजून धरून बसले आहे. कधी पुरतं, कधी पुरत नाही. आजपर्यंत मला वाटायचं तुम्ही थांबलात म्हणून ऐकलंत, आणि आता वाटतं, पाय गेले नसते तर माझं लग्न झालं असतं.

मी म्हटलं, मी काकांना सांगणार. त्यांना माझं शास्त्र दाखवून सांगणार. आईनं शेंगांची परात बाजूला सारली आणि पहिल्यांदा आवाज चढवला. "खबरदार! इतके वर्स मी झाकलं अन् तू एका दिवसात उघडं पाडशीन? त्यायचं नाव हाय गावात. मले काय, म्हातारीले कोण विचारते? माह्या मेल्यावर सांग सांगाचं त." माझी बाजू न्यायाची होती. पण जिच्यासाठी लढायचं तीच माझ्याविरुद्ध उभी होती.

काल तुमची तिथी झाली. वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं तुमच्या आवडीचं. काका आले. आता त्यांचीही पाठ वाकली आहे. जेवून ते हात धुवायला मागच्या आंगणात निघाले आणि मी तांब्या घेऊन त्यांच्या मागे गेले. मनाशी ठरवलं होतं, आज त्यांनी ते वाक्य म्हटलं तर मी गप्प बसणार नाही, आई काही म्हणो. आई दारात फडकं घेऊन उभी होती. त्या जागी आल्यावर मी विचारलं, काका, भाजी कशी झाली होती? नुसतंच, काहीतरी बोलायचं म्हणून. ते थांबले. भिंतीला उजवा हात टेकला, मान कलती केली. त्यांच्या कमरेला पट्टा नव्हता, पण थांबण्याआधीचं त्यांचं शेवटचं पाऊल मी पाहिलं, ते फरशीला घासत आलं होतं. "भाजी झ्याक होती," ते म्हणाले, आणि मग खाली बघून, दर वर्षीसारखं, "इथंच वं बाई. पाणी होतं इथं. माह्या दादाले पाण्यानं नेलं. नाई त त्याच्यासारखी चाल होती का कोणाची?"

त्यांचे डोळे भरले होते. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, फरशीकडे पाहत होती.

पुढच्या आठवड्यात काकांना अमरावतीला नेते आहे, माझ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी माणसं हवीत म्हणून सांगून. त्यांच्या बाबतीत उशीर होऊ देणार नाही. पण काल मी काय केलं तेही तुम्हाला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तरीही मी काकांचा कोपर धरला आणि म्हणाले, "हो काका. फरशी ओली होती."